वाघाचा कायदा आणि हिवरखेडची गाडी

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही अकोला जिल्ह्यात गेलो होतो. विषय होता पर्यावरणविषयक कायदे. १९७२, १९८०, १९८६ अशी वर्षे फळ्यावर लिहून आमचे बोलणे चालले होते. तेवढ्यात हिवरखेडकडच्या एका गुरुजींनी हात वर केला. "सर, आमची गाडी वाघानं खाल्ली, असं पोट्टे म्हणतात. खरं हाय का?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. कायद्यांची वर्षे आपण पाठ करून घेतो. कायदा प्रत्यक्षात चालवतो कोण, कोणत्या कार्यालयात कोणता प्रश्न विचारला जातो, आणि कोणता प्रश्न कुठेच विचारला जात नाही, हे मात्र आपण क्वचितच शिकवतो. ते पाहण्यासाठी हिवरखेडच्या गाडीइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हिवरखेड तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, उत्तरेला डोंगर, आणि डोंगरापलीकडे मेळघाट. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज रेल्वे अकोट, अडगाव, हिवरखेड करत वान रोडपाशी डोंगरात शिरत असे. पुढे धूळघाटाजवळ चढ इतका अवघड होता, की रुळांना वेटोळे घालून स्वतःच्याच वरून जावे लागे. हा पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता एकेकाळी राजस्थानला हैदराबादशी जोडणाऱ्या लांबलचक मीटरगेज साखळीतला दुवा होता. २०१७ च्या आरंभी या मार्गावरची मीटरगेज गाडी बंद झाली.

रुळांसाठी राखलेले जंगल

या गोष्टीची सुरुवात मात्र बरीच मागे जाते, आणि ती सुरुवातही रेल्वेचीच आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्याच वर्षी मुंबई–ठाणे गाडी धावली. पुढच्या चौदा वर्षांत, १८६७ पर्यंत, लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचला. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, दर मैलाला दीड-दोन हजार. उन्हापावसात ते कुजत आणि काही वर्षांनी बदलावे लागत. त्यासाठी साग आणि सालासारखे टिकाऊ लाकूड हवे. देशभर जंगले इतक्या वेगाने तोडली जाऊ लागली, की पुढे लाकूड मिळेल की नाही याची सरकारलाच चिंता वाटू लागली. म्हणून १८६४ साली वनखाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे त्यापाठोपाठ आले. वऱ्हाड नावापुरते निजामाचे असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. वऱ्हाडासाठी १८८६ मध्ये वेगळा वन कायदा करावा लागला.

या कायद्यांतला 'राखीव' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. जंगल राखायचे ते सरकारी लाकडासाठी. चोरून तोडणारा, गुरे चारणारा, आग लावणारा हा गुन्हेगार. मेळघाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकूंची वहिवाट या कायद्याच्या नजरेत हक्क राहिली नाही. ती सरकारने दिलेली सवलत ठरली. कायदा राबवणारी साखळीही तेव्हाच घडली: खाली वनरक्षक, त्याच्यावर वनपाल, मग वनक्षेत्रपाल, मग उपवनसंरक्षक. ती आजही जवळजवळ तशीच आहे. म्हणजे ज्या खात्याने पुढे रेल्वेला जंगलात अडवले, ते खाते मुळात रेल्वेला लाकूड पुरवण्यासाठी जन्माला आले होते.

राखण बदलली

खाते तेच राहिले, पण त्याने काय राखायचे ते बदलले. हा बदल एका दिवसात झाला नाही.

१९७२ पूर्वी वन आणि वन्यप्राणी हे राज्यांच्या अखत्यारीतले विषय होते. संसदेला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम करता आला तो राज्यांनी तसे ठराव करून दिले म्हणून. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता, आणि महाराष्ट्रातला तो पहिलाच. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी समवर्ती सूचीत आणले, त्यामुळे केंद्रालाही कायदे करण्याचा अधिकार मिळाला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने राज्यांचे हात बांधले: केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामासाठी देता येणार नाही. (२०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नावही बदलले आहे.)

मेळघाटात संरक्षित क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढत गेले. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. १९९७ मध्ये वान, अंबाबरवा आणि नरनाळा ही अभयारण्ये झाली. आपली रेल्वे जाते ती वान अभयारण्यातून.

मग २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर सर्व काही ठीक होते, जंगलात वाघ नव्हते. या धक्क्यानंतर २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. २००७ च्या अखेरीस मेळघाटातले १,५००.४९ चौरस किलोमीटर क्षेत्र वाघांचा अतिमहत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाले. गुगामल, वान, अंबाबरवा, नरनाळा आणि मेळघाट अभयारण्य यांची ती बेरीज आहे.

आता क्रम लक्षात घ्या. रेल्वे आधी आली, कायदे नंतर आले. रूळ टाकले तेव्हा वाघाविषयी कोणाला विचारण्याची गरजच नव्हती. चालू असलेली जुनी गोष्ट नव्या कायद्याने सहसा बंद पडत नाही. ती तशीच चालू राहते. ती 'बदलायची' ठरली की मात्र कायदा जागा होतो.

बदल म्हणजे किती बदल?

१९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मीटरगेजमध्ये दोन रुळांमधले अंतर १,००० मिलिमीटर असते, ब्रॉडगेजमध्ये १,६७६. अकोल्याच्या दक्षिणेकडचा पूर्णेपर्यंतचा भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडे, अकोला ते खांडवा, वाटेत मेळघाट होता. सुमारे चाळीस किलोमीटर मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता.

एक बाजू म्हणू शकते: गाडी आधीपासून आहे, जमीन रेल्वेची आहे, फक्त रूळ थोडे रुंद होणार. ६७६ मिलिमीटर म्हणजे साधारण तीन विती. एवढ्यासाठी वाघाला काय त्रास?

इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी मदतीला यावे. ब्रॉडगेज घेतात ते जड आणि वेगवान गाड्यांसाठी. अशा गाडीला तीव्र चढ आणि तीव्र वळण चालत नाही. म्हणून धूळघाटचे वेटोळे तसेच ठेवून भागत नाही. नवे कटिंग, उंच भराव, बोगदे, पूल हे सगळे आले. दुसरे असे की ब्रेकची ताकद तीच धरली, तर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरने घाट चढणाऱ्या गाडीला थांबायला जेवढे अंतर लागते, त्याच्या नऊपट अंतर ताशी ९० किलोमीटरच्या गाडीला लागते. वळणावर अस्वल दिसले, तर पहिला चालक कदाचित थांबेल. दुसरा थांबू शकणार नाही, त्याची कितीही इच्छा असली तरी.

तिसरी गोष्ट गाड्यांच्या संख्येची. दिवसातून मोजक्या गाड्या जात असतील, तर दोन गाड्यांच्या मधे जंगल तासन्‌तास शांत असते. मुख्य मार्ग झाल्यावर मालगाड्याही रात्रंदिवस धावतात. मधला शांत वेळ एका मर्यादेपेक्षा कमी झाला, की प्राणी रूळ ओलांडायचेच टाळू लागतात. मग अपघात कमी दिसतात, पण जंगलाचे दोन तुकडे झालेले असतात. परिस्थितिकीत याला अधिवासाचे तुकडीकरण म्हणतात. वाघासारख्या प्राण्याला, ज्याचे क्षेत्र काही दहा चौरस किलोमीटर पसरलेले असते, ही अदृश्य भिंत फार महागात पडते.

म्हणजे 'फक्त रूळ रुंद करणे' आणि 'नवा मार्ग बांधणे' यांच्यात कायद्याने रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न शब्दांचा नव्हता. त्याचे उत्तर मोजमापात होते.

कागद कोणत्या टेबलावरून जातो?

अशा कामाचा प्रस्ताव आला, की काय होते ते पाहू. इथे अर्ज करणारेही सरकार असते, आणि परवानगी देणारेही सरकारच.

वनजमीन लागणार असेल, तर १९८० च्या कायद्याखालचा प्रस्ताव उपवनसंरक्षकापासून वर चढत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयापर्यंत जातो. तिथे विचारतात: किती हेक्टर, किती झाडे, बदल्यात कुठे लागवड? आधी तत्त्वतः मान्यता, अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मान्यता, असे दोन टप्पे असतात.

अभयारण्य असेल, तर १९७२ च्या कायद्याचे कलम २९ येते. अधिवास नष्ट करणारे काम मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ते वन्यजीवांच्या भल्याचे असल्याची खात्री झाल्याशिवाय परवाना द्यायचा नाही, असे हे कलम सांगते. प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळाकडून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो.

व्याघ्र प्रकल्प असेल, तर कलम ३८-ओ. व्याघ्र क्षेत्रे आणि त्यांना जोडणारे पट्टे सार्वजनिक हिताखेरीज इतर कामांना वळवायचे नाहीत. तेही राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेने आणि व्याघ्र प्राधिकरणाच्या सल्ल्यानेच. या सर्वांना शास्त्रीय मत देते डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. ती परवानगी देत नाही, पाहणी करून सांगते.

शेवटी न्यायालय. गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने वनांच्या कारभारावर लक्ष ठेवले, आणि २००२ मध्ये त्यासाठी सेंट्रल एम्पॉवर्ड कमिटी नेमली.

मेळघाटच्या रेल्वेचा कागद यांतल्या बहुतेक ठिकाणी फिरला. प्रकरण न्यायालयाच्या या समितीपर्यंत आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंतही गेले. या फिरण्याला आपण 'लाल फीत' म्हणून नाव ठेवतो. पण प्रत्येक टेबलाचा प्रश्न वेगळा आहे, हे विसरून चालत नाही. झाडे मोजणारा वाघाची वाट पाहत नाही, आणि वाघाची वाट पाहणारा खर्चाचा हिशेब करत नाही.

दुसरा रस्ता आहे का?

या सगळ्या प्रवासात एक प्रश्न निर्णायक ठरला, आणि तो अगदी साधा होता: दुसऱ्या वाटेने जाता येईल का?

वन्यजीव संस्थेने आणि व्याघ्र प्राधिकरणाने तसे सुचवले. हिवरखेडपर्यंत जुनाच मार्ग घ्यावा. तिथून डोंगरात न शिरता पायथ्यापायथ्याने पश्चिमेकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा, जामोदवरून जावे आणि मग सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात तुकईथडला जुन्या मार्गाला मिळावे. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरने वाढते, खर्चही वाढतो. या वाटेवरही शेतजमीन जाते, आणि सातपुडा कुठूनही ओलांडला तरी काही जंगल लागतेच. पण व्याघ्र प्रकल्पाचा गाभा वाचतो. शिवाय ज्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांनी कधी रेल्वे पाहिली नाही, त्यांना ती मिळते. २०२० साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हाच आग्रह धरला, आणि पुढे रेल्वेनेही बाहेरचा मार्ग स्वीकारला.

जगात याला कायद्यातच स्थान देणारे देश आहेत. अमेरिकेच्या १९६९ च्या पर्यावरण धोरण कायद्यात पर्यायांचा विचार सुरुवातीलाच मांडणे बंधनकारक केले गेले. आपल्याकडे तो प्रश्न फाइलच्या शेवटी, कोणीतरी हरकत घेतल्यावर येतो. गोव्यातही तसेच झाले. कॅसलरॉक ते कुळे या घाटातला लोहमार्ग दुहेरी करण्याला राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीने मान्यता दिली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सखोल अभ्यास करून हवे तर नव्याने या, असे सांगितले.

प्रत्येक वेळी दुसरी वाट असतेच असे नाही. आपल्याच विदर्भात पेंचजवळ नागपूर–जबलपूर महामार्ग रुंद करायचा होता. तो प्रश्नही नागपूर खंडपीठापुढे गेला. तिथे रस्ता त्याच जागी राहिला, पण वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले. पुढे तिथल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. म्हणजे कायद्याची अंमलबजावणी 'हो' आणि 'नाही' या दोनच उत्तरांत होत नाही. 'इथून नको, तिथून जा' आणि 'असे बांधशील तर जा' हीही उत्तरे आहेत. ती देण्यासाठी मोजमाप लागते.

न विचारलेला प्रश्न

इथवर वाचून कोणाला वाटेल की व्यवस्था चांगली चालली. आम्हांला ते पूर्ण पटत नाही.

टेबले इतकी असूनही, हिवरखेडच्या किंवा धूळघाटच्या माणसाला विचारणारे टेबल त्यांत नव्हते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत महामार्ग आहेत, खाणी आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी जनसुनावणी होत नाही. २००६ च्याच वनहक्क कायद्यानंतर वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे २००९ मध्ये ठरले. २०१३ मध्ये रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांबलचक कामांना त्यातून सर्वसाधारणपणे सूट मिळाली. म्हणजे लोकांनी आपले म्हणणे मांडावे तर निवेदने, आंदोलने आणि न्यायालय एवढेच मार्ग उरतात.

आणि या भागातल्या लोकांनी वाघासाठी थोडे दिलेले नाही. मेळघाटच्या गाभ्यातली गावे २००१ पासून बाहेर बसवली जाऊ लागली. वान आणि आसपासच्या अभयारण्यांतली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, बारूखेडा अशी गावे पुढे डोंगर उतरून अकोट, तेल्हारा तालुक्यांत आली. खाली जमीन, पाणी, रोजगार यांची आश्वासने पुरी झाली नाहीत, अशी तक्रार करत त्यांतले काही लोक परत जंगलात गेले. २०१९ च्या जानेवारीत त्यांचा आणि वनकर्मचाऱ्यांचा संघर्ष झाला, आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली. ज्या जंगलातून माणसाला घर हलवायला सांगितले, त्याच जंगलातून मालगाड्या न्यायच्या, हे कोणाच्याही न्यायबुद्धीला पटणार नाही. बाहेरच्या मार्गाच्या बाजूने आम्हांला सर्वांत मोठा वाटणारा मुद्दा हाच आहे. पण परवानगीच्या कोणत्याही नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

दुसरा दोष क्रमाचा. जंगलातल्या तुकड्याचा निर्णय पक्का होण्याआधीच जुनी गाडी बंद झाली. २०२२ मध्ये अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, तेव्हा पुढचे हिवरखेड तसेच राहिले. त्या वर्षी दहावीला बसलेल्या तिथल्या मुलांनी पाचवीपासून गावात गाडी पाहिली नव्हती. डोंगरातल्या धूळघाटसारख्या ठिकाणांना तर नव्या मार्गाने स्टेशन मिळणारच नाही. त्यांच्या जुन्या गाडीच्या बदल्यात काय, हा प्रश्न वाघाच्या कायद्याचा नाही, आणि रेल्वेच्या कायद्याचाही नाही.

म्हणून त्या गुरुजींना आता आम्ही असे सांगू: गाडी वाघाने खाल्ली नाही. दुसऱ्या वाटेचा प्रश्न, जो सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवशी विचारायचा, तो कित्येक वर्षांनी विचारला गेला. त्या उशिराची किंमत हिवरखेडने भरली. प्रश्न विचारला गेला हे कायद्याचे यश, आणि इतक्या उशिरा विचारला गेला हे कारभाराचे अपयश. दोन्ही मुलांना सांगावे.

वर्गात करण्यासारखे

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांचा नकाशा घ्या. त्यावर जुना मार्ग आणि सोनाळा–जामोदवरून जाणारा मार्ग मुलांकडून काढून घ्या. दोन्हींवरची गावे, नद्या, जंगल यांची यादी करा. मग वर्गाचे गट पाडा: रेल्वे, वनखाते, व्याघ्र प्राधिकरण, वन्यजीव संस्था, न्यायालय. प्रत्येक गटाने आपल्या कायद्यात बसणारे प्रश्नच विचारायचे. शेवटी एक गट हिवरखेडच्या आणि एक धूळघाटच्या ग्रामस्थांचा करा, आणि त्यांचा प्रश्न कोणत्या गटाने विचारला ते तपासा.

मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक या कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार थेट न्यायालयात करू शकतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातही तशीच तरतूद आहे. वनरक्षकापासून सुरू होणाऱ्या लांब साखळीत नागरिकासाठी ठेवलेली ही एक कडी आहे. ती आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वर्षांच्या यादीत सापडत नाही.